दहीपूल, सुयांचं दुकान

मी सुया विकते. शिवणाच्या नव्हेत.
दहीपुलाच्या उतारावर, भांड्यांच्या दुकानाला खेटून
सहा फुटांची माझी टपरी.
भिंतीवर अजून पुराच्या पाण्याची रेघ आहे,
रेघेच्या वर तबकड्या, खाली उधारीची वही.

रविवारी मिसळ झाली की दोघं येतात.
क्षेमकल्याणी, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त,
बोटं अजून अशी चोळतात
की करकरीत बंडल मोजतायत;
आणि तांबोळी, ज्यांनी चाळीस वर्षांत
गावातली एकही मैफल चुकवली नाही,
फुकटाची तर नाहीच.

"गाणं समोर बसून ऐकायचं," तांबोळी म्हणतात,
"तबकडी म्हणजे मनुका.
गोड असेल, वर्षभर टिकेल,
पण पिंपळगावच्या बागेत उभं राहून
वेलीवरचा घड तोंडात धरलाय का कधी?"

क्षेमकल्याणी चष्मा पुसतात.
"जन्मभर प्रती काढल्या मी.
पहिली नोट खरी आणि लाखावी खोटी
असं एकही वाणी म्हणाला नाही.
आणि मैफिलीत काय असतं हो?
पुढच्याचं टक्कल,
मागच्याची चिवड्याची पुडी,
आणि गवई रंगात आला की
नगरसेवकाचा सत्कार."

इथे मला हसू येतं.
हसायचं नसतं, दोघंही गिऱ्हाईक.
मला कुणी विचारत नाही.
माझ्याकडे गाणं येतं ते आजारी पडल्यावर.

क्षेमकल्याणींचं एक गुपित मात्र माझ्याजवळ आहे.
त्यांच्या मारव्यावर एक ओरखडा आहे,
तिथे बाईंचा कोमल रिषभ तीनदा अडखळतो.
नव्वद साली ते एकदाच मैफिलीला गेले.
त्याच बाई, तोच मारवा.
ती जागा आली
आणि बाई सरळ पुढे निघून गेल्या.
"चुकल्यासारखं झालं," मला म्हणाले होते, हळूच,
"काळोखात जिना उतरताना
कुणी पायरी काढून न्यावी तसं."

आज देवळालीच्या एका बंगल्यातून गठ्ठा आला.
त्यात एक तबकडी, पाठ पिवळी पडलेली,
गोदाकाठच्या पटांगणातलीच मैफल, एकाहत्तर सालची.
तांबोळी त्या रात्री तिथे होते.
हे आम्ही दोनशे वेळा तरी ऐकलंय.

सुई टेकवली.
आधी पुष्कळ खरखर, मग तंबोरे,
मग कुठेतरी कुत्रं,
आणि विलंबितात, सम गाठताना,
माइकच्या अगदी जवळून कुणीतरी: "अरे, मारलं रे!"

"तांबोळी!" क्षेमकल्याणी उठूनच उभे राहिले,
"हे तुम्ही! अडकलात शेवटी तबकडीत!"

तांबोळींनी कानातलं यंत्र नीट केलं.
"परत लाव गं."
लावलं.
"परत."
उतारावरून एक हातगाडी खडखडत गेली,
ती जाईपर्यंत थांबले.
"परत."

"मी नाही हा.
माझ्या तोंडून त्या रात्री शब्द फुटला नव्हता.
हा यशवंता. यशवंता पेखळे, मखमलाबादचा.
त्याच्या सायकलवर डबलसीट गेलो होतो.
सत्त्याहत्तरला गेला तो.
बाईंची एकेक तान आठवते मला,
पण ह्याचा आवाज
साफ विसरलो होतो."

क्षेमकल्याणी खाली बसले.
वादाचं काय झालं ते मला सांगता येणार नाही,
मी चहा सांगायला बाहेर गेले होते.
आले तेव्हा तबकडी फिरून संपली होती,
सुई मधल्या कोऱ्या खाचेत टकटक करत होती
आणि ती उचलायचं
दोघांनाही सुचलं नव्हतं.

"यंत्र केवढ्याला पडेल, जुनंपानं?"
तांबोळींनी निघताना विचारलं.
क्षेमकल्याणी म्हणाले, माझं एक पडून आहे, न्या.
(पडून वगैरे काही नाही. गेल्याच महिन्यात
मी त्याचा पट्टा बदललाय.)

तबकडी छातीशी धरून
म्हातारा जपून जपून पूल उतरला,
कोपऱ्यावर थांबला, वळला,
आणि भर बाजारात ओरडला:
"तरी मनुकाच!"