उतारावरचा किल्ला

शेफील्डमध्ये सपाट असं काही नसतं.
आमची बागही मागच्या दारातून जी घसरते
ती थेट डोरीनच्या कुंपणाला टेकूनच थांबते.
चेंडू सुटला की तिकडे,
हातातून कांदा सुटला तरी तिकडेच.

सप्टेंबर सरला तेव्हा वेलावर एकच दुधी, मनगटाएवढा,
आणि टोमॅटो त्रेचाळीस. सगळे हिरवे.
"पिकतील गं," सुहास म्हणाला.
तो ट्राम चालवतो,
त्याला वाटतं, उशिरा का होईना, सगळं येतंच.
अर्ध्यांची मी तीळ घालून चटणी केली,
उरलेले कागदात गुंडाळून जिन्याखाली ठेवले
आणि विसरले.
कढीपत्त्याची कुंडी न्हाणीघरात आली;
आता दात घासताना त्याची पानं कानाला लागतात.

मग घड्याळं तासभर मागे गेली
आणि पाचाच्या आत दिवेलागण.
ऋजुतानं सफरचंदाच्या झाडाखाली किल्ला घातला,
चिकट काळी माती, विटांचे तुकडे, तळाशी पानांचा ढीग.
शाळेच्या गणवेशातच. मी ओरडले नाही,
कारण बुरूज खरोखरच चांगला जमला होता.

अळीव पेरायचे राहून गेले होते.
"दुकानात मिळतात," ती म्हणाली, आणि घेऊन आली
क्रेसची ती डबी, अंड्याच्या सँडविचवर घालतात ती.
मी एक काडी चावून पाहिली.
तीच तिखट, नाकात चढणारी चव.
अकरा वर्षं हे माझ्यासमोरच्या फडताळात
परक्या नावानं उभं होतं
आणि मी साधी ओळखही दाखवली नव्हती.

डोरीन कुंपणावरून वाकली.
ब्याऐंशीची आहे, वाकायला वेळ लागतो.
"छान आहे हो. पण हल्ला कोण करणारेय?"
ऋजुता पणती लावत होती.
"हिवाळा," ती म्हणाली.

आणि तो आला.
आधी नुसता हेर पाठवल्यासारखं दहिवर,
मग तटावर पांढरी धार, मग खंदकात काच.
मावळे बर्फात गुडघ्यापर्यंत रुतले, पण हटले नाहीत.
एक रॉबिन रोज सकाळी सिंहासनावर बसायचा
आणि शिटून जायचा.

नाताळच्या आदल्या रात्री जिन्याखाली झाडू शोधताना
हाताला कागद लागला. आत एक टोमॅटो, लाल.
बाकीचे सुरकुतले होते, दोन तर कुजलेच.
आम्ही त्याचे तीन भाग केले,
मीठ लावलं,
उभ्याउभ्याच खाल्ला.
सुहास काही बोलला नाही.
नुसता भुवया उडवत राहिला, झोपेपर्यंत.

जानेवारीत एक दिवस ट्राम बंद पडल्या.
तो अकरालाच घरी, मोज्यांतून पाणी गळत.
मी पिठलं टाकलं. खिडकीची काच धुरकटली,
तिच्यावर ऋजुतानं बोटानं मोजणी केली:
मावळे नऊ होते, आठ दिसतात.
एक फितूर झाला असावा, असा निर्णय झाला.
बाहेर लसणाचे कोंब बर्फातून चार बोटं वर,
त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

फेब्रुवारीत पूर्वेचा बुरूज ढासळला.
आणि महादरवाजातून, चक्क मधून,
पांढऱ्या फुलांचा एक झुबका वर आला,
आधीच्या घरमालकांनी कधीतरी पुरलेल्या कंदांचा.
ऋजुता उकिडवी बसून बघत राहिली.
"आई, याला तह म्हणतात ना?"

त्याच आठवड्यात मी डोरीनला डाळिंबाचे दाणे द्यायला गेले.
तिच्या स्वयंपाकघरात, रेडिएटरच्या वरच्या फळीवर,
तिच्या गोळ्यांच्या डबीशेजारी
नववा उभा होता. भाल्यासकट, वाळलेला.
"घरंगळत आला," ती म्हणाली,
"अगदी गारठला होता बिचारा. परत हवाय का?"

मी घरी येऊन विचारलं.
ऋजुतानं वहीतून मान वर न करता सांगितलं,
"राहू दे. ती एकटीच असते."