हरकत

रुवीच्या मागच्या गल्लीत, टायपिंग सेंटरमध्ये,
परवापासून माऊस बंद आहे.
मी बाणांवर भागवते.

कमरुद्दीन पावसकर समोर बसलेत,
मांडीवर कापडी पिशवी, तीत बत्तीस वर्षांचे कागद.
अरबी चौकटीत त्यांचा बावसकर होतो;
त्या लिपीत प नाही.
"होऊ दे. इथं मी बावसकरच."
त्या चौकटीत डावा बाण पुढे नेतो.
पहिल्या वर्षी माझी बोटं
खोलीवर जाऊनही चुकायची,
कुलूप उघडताना, नळ बंद करताना.

मग मराठी कागद, भावासाठी.
हर्णैची सात गुंठे जागा, विहिरीसकट,
विकायला
माझी काही हरकत नाही.
पूर्णविराम. रेघ लुकलुकते.

"बाय, मागं जा जरा."
डावा बाण. पूर्णविराम ओलांडला.
ही.
ना.
"थांब."

हरकत आणि नाही यांच्यामधल्या
एका अक्षराएवढ्या मोकळ्या जागेत
रेघ उघडझाप करत राहिली.
बाहेर एसीचं पाणी डब्यात पडत होतं.

"अजून मागं."
वरच्या ओळीत भावाचं नाव, बद्रुद्दीन.
द्दी वरून बाण एका उडीत गेला.
जोडाक्षराच्या आत त्याला थांबता येत नाही.
"पुढं."
गेले.
"नको, मागं."
बाणाने काही पुसलं जात नाही, चाचा,
कितीही फिरवा, हे सांगणार होते.
ते स्क्रीनशीच बोलत होते:
"पाणी लागलं ते मला नऊ दिवसांनी कळलं.
पत्रानं.
त्या दिवशी मी साईटवर
कुणालाच सांगितलं नाही."

मग म्हणाले, "नाहीच्या पुढं घे. खोड."
एकदा दाबलं, वेलांटी गेली.
नाह.
दुसऱ्यांदा ह.
"बस."

माझी काही हरकत ना.

"अर्धंच राहिलं."
"राहू दे."
"निदान पूर्णविराम? की प्रश्नचिन्ह?"
पिशवीचे बंद त्यांनी दोनदा बांधले, सोडले.
"काहीच नको. टिंब पण काढ.
बद्रू वाचेल तसं वाचेल."

तीनशे बैसा. सुटे दिले.
प्रिंट त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली,
ना च्या पुढे बराच वेळ.
प्रिंटवर रेघ येत नाही.