सव्वीस मिलिमीटर

कुडचड्याच्या बाजारातून प्लाय आणला,
अठरा एमएमचे दोन ताव, पिकअपमधून, दोरीने बांधून.
पाण्याला अजिबात दाद देणार नाही, म्हणाला दुकानदार.
रंगाबद्दलही तो असंच म्हणाला होता.

मागच्या खोलीत पूर्वी टिपरचे टायर असत.
टिपर बँकेने नेला. टायर कुणी नेले, आठवत नाही.
जमिनीवर तेवढं एक काळं वर्तुळ राहिलं.
सोड्याने घासलं, रॉकेलने घासलं,
शेवटी ठरवलं, ह्याच्यावरच कपाट उभं करू.

फायलींचं कपाट, चार खणांचं.
खाणीच्या हापिसात होतं ते लोखंडी,
बावीस वर्षं मी त्याच्यासमोर बसून
दुसऱ्यांच्या ट्रकांच्या खेपा मोजल्या.
आता माणसं घरी येतात.
पाटू वेळीप कागद आणतो भाताच्या गोणीत,
रुझार बिस्किटांच्या डब्यात,
सकिनाबी साडीच्या खोक्यात, वर डांबरगोळ्या घालून.
हप्त्याच्या नोटिसा, परवाने, एक-चौदाचे उतारे,
आणि कुणाच्या तरी पणजोबाचा पोर्तुगीज दस्त,
जो उलगडताना सगळेच श्वास धरतात
आणि वाचता कुणालाच येत नाही.

करवत कायतान मेस्ताची.
त्याच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं,
महिनाभर धूळ वर्ज्य,
म्हणून तो आंब्याखाली खुर्ची टाकून बसला
हिरवं फडकं डोळ्यावर,
आणि माझं काम नुसतं ऐकत राहिला.
"आतां वांकडी वता गो," तिथूनच म्हणाला.
मी पाहिलं. रेघ सोडून करवत दोन दोरे बाहेर.
"कसं कळलं?"
"आवाज पातळ जालो."

दोन दिवस भुसा. केसात, चहात, पोह्यांच्या डब्यात.
फेविकॉल नखांखाली वाळून
बोटं जुन्या पुतळ्याची वाटू लागली.
तिसऱ्या दिवशी पहिला खण तयार झाला,
चारी कोपरे काटकोनात, मी तीनदा गुण्या लावून पाहिले.
सांगाड्यात सरकवायला गेले तर
तो दारातल्या हट्टी पाहुण्यासारखा,
आतही येईना, परतही जाईना.
ठोकला. मग गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचाही आवाज त्याने ऐकला असावा.
"चॅनल वजा केलें?"

चॅनल. एका बाजूला तेरा, दुसऱ्या बाजूला तेरा.
बावीस वर्षांत माझ्या वहीत
एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता.
एकदा सहा टन माल कागदावरून गळाला,
तो मी रात्री नऊला शोधून काढला,
आणि साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं
की पुन्हा काही शोधू नये.
आणि इथे, माझ्याच घरात,
माझ्याच खणातून सव्वीस मिलिमीटर
वजा करायचे राहिले.

कायतान हसला. डोळ्यावर हात दाबून हसला,
"हांसूं नाका म्हळां दोतोरान," म्हणाला, आणि परत हसला.
मग मीही.

चारही खण उसवले. पुन्हा कापले.
उरलेल्या पट्ट्या त्याने नेल्या,
चवळीच्या वेलाला आधार म्हणून.

आता तीन खणांवर चिठ्ठ्या आहेत:
चालू. मिटलेले. कोर्टात.
चौथ्यावर बरंच लिहिलं, खोडलं, मग नुसतं "बघू".
तो सगळ्यात आधी भरला.
पावसात तळचा खण थोडा अडतो,
गुडघा लावावा लागतो.
वर्तुळ पूर्ण झाकलं गेलं नाही,
डाव्या पायाशी चंद्राच्या कोरीएवढं काळं दिसतं.

काल पाटू आला होता.
त्याचे कागद कुठे गेले ते दाखवलं.
त्याने खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला,
आवाजच येत नाही, म्हणाला.
बराच वेळ उभा राहिला.
मग जाता जाता दारातून वळून,
जरा संकोचत:
"बाय, ती गोणी तेवढी परत दी."