डबल क्लच

धावपट्टीच्या दोन्ही अंगांना साखरबीट,
मधल्या काँक्रीटवर कोंबड्यांची
लांबच लांब पत्र्याची खुराडी.
वारा समुद्रावरून थेट येतो,
वाटेत त्याला अडवायला एक टेकाड नाही.
म्हणूनच इथे विमानं आणली, क्लाइव्ह सांगतो,
सपाट जमीन युद्धाला लगेच सापडते.

मी मिरज डेपोतला मेकॅनिक.
बावीस वर्षं एसटीच्या पोटाखाली पाठ टेकली.
आता मुलीकडे असतो, लिंकनशायरात,
स्केलडर्बी नावाच्या दीड रस्त्याच्या गावात,
आणि शनिवारी क्लाइव्हच्या कोठारात जातो,
जिथे एक बेडफर्ड लॉरी
तीन वर्षं उघडीवाघडी उभी आहे.

कुणाच्या तरी बांधावरच्या काटेरी झुडपात सापडली.
बॉनेटखाली घुबडाचा संसार,
मागे समोरासमोर दोन लाकडी बाक.
एका विमानाची सात पोरं बसायची, क्लाइव्ह म्हणाला.
सातच? आमच्याकडे एवढ्यात
म्हणता म्हणता मी पान्हा शोधायला लागलो.

इंजिनची बोली नव्याने शिकावी लागली नाही.
कार्ब्युरेटर इथेही तसाच रुसतो,
गंजलेला नट इथेही
आधी रॉकेल मागतो, मग शिवी.
क्लाइव्हला आता एक मराठी शिवी येते.
फार प्रेमाने, हमखास चुकीच्या जागी घालतो.

बाकाची फळी उलटी केली
तर खाली चाकूने कोरलेल्या रेघा,
पाच-पाचाच्या जुड्या, शेवटच्या जुडीत तीन.
मी मोजल्या. तेवीस.
तीस झाल्या की त्यांना सुट्टी मिळायची म्हणे.
क्लाइव्हने पुसायला फडकं घेतलं,
मग ते तसंच खिशात घातलं.

सप्टेंबरात इंजिन धरलं.
रविवारी लॉरी धावपट्टीच्या टोकाशी नेली,
तिथे हेस्टर टॉयनबाईंना आणलं होतं आश्रमातून,
एकशे एक वर्षं, चाकांची खुर्ची, मांडीवर घोंगडी.
विशीत त्या असलीच गाडी हाकायच्या.
संध्याकाळी पोरांना विमानापाशी सोडायचं,
पहाटे जाऊन आणायचं.

नावं त्यांना आठवत नव्हती,
किंवा सांगायची नव्हती.
एक जण रोज उतरताना
तोंडातलं च्युइंगगम पायरीला चिकटवायचा,
आलो की खाईन, हात लावू नकोस.
मग? क्लाइव्हने विचारलं.
मग काय, बाई म्हणाल्या,
शेवटी मलाच खरवडावं लागलं.
चिवट असतं फार.

मी लॉरी एक फेरी फिरवली.
वळणावर गिअर बदलताना खर्रकन दात वाजले
आणि खुर्चीतून आवाज आला,
डबल क्लच, पोरा, डबल क्लच!
मला चौसष्ट वर्षं झाली आहेत.
मिरजेत उस्ताद अण्णा कोळी
हेच ओरडायचे, हाच सूर लावून.
घोंगडीखाली बाईंचा डावा पाय
दोनदा खाली गेला.

आम्ही दोघांनी उचलून त्यांना केबिनमध्ये बसवलं.
स्टिअरिंगवर हात ठेवून त्या थांबल्या.
इंजिन चालू, समोर रिकामं काँक्रीट.
लॉरी हलवू देणार नव्हतोच आम्ही,
पण त्यांनी मागितलंही नाही, नुसत्या थांबल्या,
मान किंचित मागे वळवून.

कशासाठी, ते मला उशिरा उमगलं.
आमच्याकडे कंडक्टर दोरी ओढून
दोन घंट्या देतो, तेव्हा गाडी सुटते.
इथे मागून कुणीतरी
पत्र्यावर थाप मारत असणार, सगळे बसलो म्हणून.

मी मागे गेलो, वर चढलो.
बाक गार होता, नव्या वॉर्निशचा वास.
पलीकडच्या खुराड्यांतले पंखे
एकदम सुरू झाले.
हात केबिनच्या पत्र्यापर्यंत नेला
आणि तिथेच टेकवून ठेवला.
थरथर तळव्यात येत राहिली.