स्टंपाला नाक लावून

माझ्या उजव्या हाताची ही वाकडी करंगळी,
ती दिगू आव्हाडची आहे.
एकोणनव्वदचा जानेवारी, नाशिकरोडला प्रेसचं मैदान,
दव इतकं की चेंडू साबणासारखा,
आणि मी स्टंपाला नाक लावून उभा.
पोरं ओरडायची, मागे सर, तोंड फुटेल.
मी म्हणायचो, मीडियम आहे रे तो, मीडियम.

दिगूचे वडील नोटांच्या कारखान्यात.
दिवसभर लाखांना हात लावायचे
आणि सुटीच्या भोंग्याला गेटवर
दोन्ही हात वर करून झडती द्यायचे.
तीस वर्षं. रोज.
तंबाखूची डबीसुद्धा उघडून.

दिगूची बोलिंग मी सगळ्यांत जवळून पाहिली, म्हणून सांगतो,
ती झडती होती.
घाई नाही, आवाज नाही.
ऑफ स्टंपाबाहेर एक वीत, पुन्हा तीच वीत,
खिसे, कॉलर, बुटाची जीभ,
आणि सहावा जरासा आत.
फलंदाजाचा चेहरा मला दिसायचा नाही,
पण मान दिसायची.
मानेला कळायचं, सापडलं.

मग एका संध्याकाळी रेडिओवर त्याचं नाव आलं.
जेलरोडच्या हलवायाकडचे पेढे संपले,
लोकांनी बालूशाही वाटली.

हॅमिल्टनहून फोन केला त्याने.
थंडी आपल्या निफाडसारखीच आहे म्हणाला,
फक्त वाऱ्याला कोणी ओळखीचं नाही.
दुसऱ्या षटकात बोर्डावर आकडा पेटला:
एकशे अठरा.
इतकी वर्षं आम्ही त्याचा टप्पा मोजला होता,
रुमालावर, आठ आण्याच्या नाण्यावर,
एकदा तर पंचाच्या चपलेवर.
वेग कोणी विचारलाच नव्हता.
समालोचक हसला. वाईट नाही,
पाहुणे लहान घर बघून हसतात, तसं.

एक कसोटी, चार वनडे, मिळून तीन बळी.
त्या कसोटीला मी पहाटे साडेतीनला
दुकानाचं शटर अर्धं वर करून बसायचो,
बॅटींच्या गठ्ठ्यावर चौदा इंची टीव्ही.
एकोणीस षटकांत एक गडी मिळाला त्याला,
तोही अकरावा, तोही फुलटॉसवर.
पण त्याआधीचा एक चेंडू सांगायचा आहे.
मधल्या यष्टीवर पडून बाहेर निघाला,
कड लागली, चांगली जाड,
कीपर अठरा पावलं मागे,
आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हजच्या अलीकडे गवतात निजला.
कीपरची चूक नव्हती. तशी पद्धत असते.
पण इकडे मी उकिडवा बसलेलो
आणि माझे दोन्ही हात पुढे आले होते,
बरोबर त्या जागेवर.
फलंदाजाने पुढे एकशे सत्तर केले.

परत आला तेव्हा नाशिकरोड स्टेशनात जेमतेम उजाडलेलं.
रिक्षावाल्याने केस बारीक, बॅग लांब बघून विचारलं,
आर्टिलरी सेंटर का?
दिगू हो म्हणाला.
तिथे उतरून चालत घरी आला.
का, ते मी कधी विचारलं नाही.

नंतर नऊ मोसम महाराष्ट्राकडून.
गोल्फ क्लबवर एकदा सहा बळी, पेपरात चार ओळी,
त्यातही आडनाव चुकलेलं.

आता दुकानात येतो, नवे चेंडू एकेक अंगठ्याने चाचपतो,
शिवण आवडली नाही तर खोक्यात परत ठेवतो.
घेत काहीच नाही.
रविवारी पोरांना बोलिंग टाकतो.
ऐंशीचा वेग असेल, बोर्ड कुठे आहे इथे?
मी स्टंपाला नाक लावून.
तो ओरडतो, मागे जा, गुडघे बघ तुझे.

परवा पडला तोच चेंडू.
मधली यष्टी, बाहेर, कड, जाड.
माझ्या ग्लोव्हजमध्ये आला
आणि सुटला.

दिगू रन-अपच्या मध्यावर मटकन खाली बसला,
डोळ्यांत पाणी येईतो हसला.
म्हणाला, म्हणजे तिथे तू असतास तरी.
मी ग्लोव्ह काढून करंगळी दाखवली.
ही आडवी आली, म्हटलं,
तुझीच आहे.