द्विवचन

कुबित्सोवाबाई आम्हाला भूमिती शिकवायच्या
आणि मी भूमितीत नापास व्हायचो.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे पुढच्या मजकुराला कुणी गुण देत बसणार नाही.

निवृत्तीनंतर बाईंनी फळा सोडला, अंडं धरलं.
हंसाचं पीस, टोक त्रिकोणात कापलेलं,
मेणबत्तीवर वाकड्या चमच्यात वितळणारं मेण,
आणि चिमटीत, श्वास रोखून, एक पांढरं अंडं.
टिप. टिप. टिप.
त्रिकोणाला खेटून त्रिकोण.
"लांडग्याचे दात," बाई सांगतात,
"असे चहूबाजूंनी ओढले की वाईट आत शिरत नाही."

लुझ्कोवभोवती कुणी ओढले नव्हते.

गावाखाली कोळसा होता.
एकशे बावीस उंबरे, एक देऊळ, लिंडेनची दोन झाडं,
आणि वर आमचं यंत्र, गावाहूनही लांब.
मी त्याच्यावर होतो, रात्रपाळीला, भत्त्यासकट.
बाईंचं घर माझ्या पाळीत आलं नाही.
शाळा आली.

नव्या वसाहतीत सगळे कोपरे काटकोनात आहेत.
बाई तिथे कांद्याची सालं उकळतात,
अंडी बुडवतात, आधी पिवळ्यात, मग तांबड्यात, मग काळ्यात,
आणि ती वाळेपर्यंत
अंड्यांच्या खोक्याच्या झाकणावर कविता लिहितात, आमच्या भाषेत.
त्यात उपमा वगैरे काही नसतं, नुसती शेतांची नावं असतात.
म्हातारीचं कुरण. ओली पट्टी. जिथे बैल बसला ते.
एकदा सभागृहात त्यांनी त्या वाचल्या.
नऊजण होतो, त्यातले दोघे पेंगत होते.
'जिथे बैल बसला ते' म्हणताच
पेंगणाऱ्यांतला एक डोळे न उघडता म्हणाला,
"बसला नव्हता, मेला होता."
बाईंनी पेन्सिल काढून तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

आमच्या भाषेत द्विवचन आहे, अजून.
एक, मग दोघं, आणि मगच पुष्कळ.
शेजारच्या जर्मनला एक कळतो आणि गर्दी कळते,
मधलं काही कळत नाही, असं बाई म्हणत
(तास भूमितीचा असला तरी).
युरीकाका गेले तेव्हापासून
बाईंचं द्विवचन कपाटात पडून होतं,
रविवारच्या बुटांसारखं,
पॉलिश केलेलं, पण पाय घालायला कुठे जायचंच नाही.

खाण बंद झाली. मला घड्याळ मिळालं, पत्र मिळालं.
एका मंगळवारी बाईंच्या दारात उभा राहिलो,
हातात बारा अंडी, तोंडात शब्द नाही.
"उशिरा आलास," बाई म्हणाल्या,
जणू तास आठ वाजता सुरू झाला होता.

माझे हात तरफेला सरावलेले.
पहिली सात अंडी फुटली.
बाईंनी त्यांचं ऑम्लेट केलं, आम्ही खाल्लं,
त्या शाळेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.
आठव्या अंड्याला कंबरेभोवती दात फिरवले,
फिरत फिरत आरंभापाशी आलो,
तर शेवटच्या दाताला जागाच पुरेना.
अर्धाच उमटला, किडक्यासारखा.
बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"भागाकार चुकला. परिघ आधी मोजायचा असतो,
हे मी तुला सातवीत सांगितलं होतं."
मग ज्योतीजवळ धरून मेण उतरवलं, फडक्यानं पुसलं,
आणि ते वेडंवाकडं अंडं
खिडकीत, स्वतःच्या अंड्यांच्या रांगेत ठेवलं.
"पुढच्या मंगळवारी पुन्हा करू," म्हणाल्या.

सायकलवरून परतत होतो.
खाणीत आता तळं भरतंय,
पाणी अजून शाळेपर्यंत चढलेलं नाही.
वळणावर एकाएकी ब्रेक दाबला.
'करू' म्हणताना बाईंनी क्रियापदाच्या टोकाला
'मोय' लावलं होतं.
म्हणजे आपण नाही.
म्हणजे आपण दोघं.