किती फुटांवर

बोअरमध्ये कॅमेरा सोडायचा, हा माझा धंदा.
औशापासून निलंग्यापर्यंत कुणाचं पाणी गेलं,
कुणाची मोटर अडकली, की बब्रुवानला फोन.
तिवई, चरखी, पाचशे फूट वायर,
डब्यात एवढासा टीव्ही
आणि त्यावर वाकलेलं सगळं घर.
मी वाचत जातो: साठ, मुरूम. नव्वद, काळा पाषाण.
एकशे दहावर गेरूचा लाल पट्टा.
तिथं थांबतो. बोट ठेवतो.
मालकाला सांगतो, इथं ढासळतंय,
आजच केसिंग घाला, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

असं सांगणारा मी
सात महिने संडासात लाल बघत होतो
आणि वरून बादली ओतत होतो.

मूळव्याध, दुसरं काय.
मोटरसायकलवर बसून बसून होतंच.
उदगीर रोडच्या पाटीवरचा बिनटाक्याचा डॉक्टर,
त्याची पुडी ताकातून, मिरची बंद.
लाल थांबायचं, यायचं.
थांबलं की त्याच दिवशी मी ठेचा मागायचो.

पदमीननं पट्ट्याची भोकं मोजली.
दोन भोकं आत गेलात, म्हणाली. कशानं?
पंचवीस वर्षांच्या संसारात
जमिनीच्या पोटातलं सगळं बोललो होतो,
या गोष्टीला माझ्या तोंडात शब्द नव्हता.
उन्हानं, म्हणालो.
ती गप्प बसली.
दुसऱ्या दिवशी पहाटे आत गेलो
तर बादली तिनं आधीच उचलून नेलेली.

लातूर. तपासणीच्या आदल्या रात्री
दोन लिटर खारट पाणी, घड्याळ लावून.
नर्स समजावत होती, आत स्वच्छ पाहिजे,
नाहीतर काही दिसत नाही.
बाई, गढूळ पाण्यात कॅमेरा सोडत नसतात,
हे मला नका सांगू.

कुशीवर, गुडघे पोटाशी.
पूर्ण झोपवू नका म्हणालो, मला बघायचंय.
गुलाबी, ओली, वळणावळणाची बोअर.
माझ्या तर सगळ्या नाकासमोर खाली जातात.
एका वळणावर अर्शिया मॅडम थांबल्या.
खोलीत मशीनचाच आवाज.
त्या बोलेनात, तेव्हा मीच विचारलं,
किती फुटांवर?

फूट नाही हो, पस्तीस सेंटिमीटर.

म्हणजे सव्वा फूट.
पाचशे फुटांच्या वायरचा माणूस मी.

वीतभर आतडं काढलं.
सतरा गाठी तपासल्या, सतराही कोऱ्या.
वेळेत आलात, मॅडम म्हणाल्या,
अजून सहा महिने थांबला असतात तर
आणि पेनाचं टोपण लावलं.

माझी बोअरची वही आहे.
गाव, मालक, खोली, पाणी.
तिच्या मागच्या पानापासून पदमीन उलटी लिहीत येते.
दर तीन महिन्यांनी रक्त: दोन पूर्णांक एक.
मग दोन पूर्णांक चार. त्या रात्री ती
भांडी घासलेलीच पुन्हा घासत बसली.
मग परत दोन.
वर्ष झाल्यावर कॅमेरा: निर्मळ.
हा शब्द तिचा, रिपोर्टात इंग्रजी होतं.
दोन्ही हिशेब मधल्या पानांकडे सरकतायत,
वही अजून जाड आहे.

धाकटा अंगद काही ऐकेना. मला काय झालंय?
पाणी चालू असताना कुणी बोअर बघत नाही,
ते मला धंद्यानंच ठाऊक.
पदमीन म्हणाली, भावजी, तुमचीबी बादली उचलू का?
गेला.
दोन कोंब निघाले, मुगाएवढे.
तिथल्या तिथं कापले, संध्याकाळी हा दुकानावर.

परवा लामजन्यात वायर गुंडाळता गुंडाळता
मालकाला विचारलं, कधी लाल दिसलं का?
छे, पाणी आपलं शेवटपर्यंत पांढरं होतं.
पाण्याचं नाही विचारत, म्हणालो.
तो चरखीकडे बघत राहिला.
मग पोराला म्हणाला,
जा रे, घरात चहा सांग.
पोरगं लांब जाईपर्यंत
आम्ही दोघंही काही बोललो नाही.